आपल्या वस्तीतील आजारांचे मूळ कसे शोधावे

हे मार्गदर्शन गावाच्या आरोग्य समितीतील सदस्यांसाठी, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीसाठी, शिक्षकांसाठी आणि दरवर्षी त्याच महिन्यांत त्याच गल्लीत तेच आजार का परततात हा प्रश्न पडलेल्या प्रत्येकासाठी आहे. यासाठी वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही. एक जाड वही, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा, एक मोजपट्टी आणि वर्षभर नेमाने नोंद ठेवण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. रोगाचे निदान आणि उपचार डॉक्टरांचेच काम आहे. आपले काम आहे ते रोग कोणत्या वाटेने घरात येतो हे पाहण्याचे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी. संसर्गजन्य आजारांची एक वही आणि मधुमेह, रक्तदाब, दमा, कर्करोग यांसारख्या दीर्घकालीन आजारांची दुसरी वही, असे करू नये. पाणी, हवा, घर, ताट आणि काम या मोजक्याच वाटांनी दोन्ही प्रकारचे आजार येतात आणि पुष्कळदा एक आजार दुसऱ्याला आत घेतो. नोंदी वेगळ्या ठेवल्या की हा संबंध नजरेआड होतो आणि मग जुलाबाचा दोष पावसाला आणि मधुमेहाचा दोष रुग्णाच्या खाण्याला देऊन प्रश्न मिटवला जातो.

नोंद कशी करावी

वहीत रुग्णाचे नाव लिहू नये. क्षयरोगासारखा आजार उघड झाला तर घरातील माणसांना त्याचा त्रास होतो आणि पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही. नकाशावरील घराला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे वय, स्त्री की पुरुष, आजार सुरू झाल्याची तारीख, लक्षणे, पिण्याचे पाणी कुठून येते, स्वयंपाक कशावर होतो, व्यवसाय काय आणि इमारत असेल तर मजला कितवा हे लिहावे. मजल्याचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण मुंबईतील गोवंडी-मानखुर्द परिसरातील पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील अभ्यासात, दाटीने उभ्या केलेल्या इमारतींच्या ज्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले होते.

या पद्धतीचा उत्तम नमुना लंडनमध्ये १८५४ साली घडला. सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेली दिसली. त्यांच्या कामातील खरा धडा मात्र त्यांनी अपवादांचा जो पाठपुरावा केला त्यात आहे. पंपाशेजारच्या मद्यनिर्मिती कारखान्यातील कामगार वाचले होते, कारण त्यांना प्यायला कारखान्यातील बिअर मिळत असे आणि आवारात स्वतंत्र विहीर होती. उलट कित्येक किलोमीटर दूर हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक वृद्ध स्त्री दगावली, कारण त्या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्याने ती ते मुद्दाम मागवून घेत होती. म्हणून आपल्या वहीतही साथीच्या मधोमध राहून आजारी न पडलेले घर आणि दूर असूनही आजारी पडलेले घर या दोन्हींवर लाल खूण करावी आणि तेथे जाऊन शांतपणे विचारपूस करावी. उत्तर बहुधा तेथेच सापडते.

वर्ष संपल्यावर बारा महिन्यांचा तक्ता करून प्रत्येक महिन्यात कोणती लक्षणे वाढली ते पाहावे. पहिल्या पावसानंतर जुलाब आणि कावीळ, पाऊस ओसरू लागताना डेंग्यू, थंडीत खोकला आणि धाप, असा क्रम महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी दिसेल. जे आजार कोणत्याही महिन्याला बांधलेले नाहीत त्यांची वेगळी यादी करावी. त्यांचे मूळ बहुतेक वेळा चुलीत, ताटात किंवा तंबाखूच्या पुडीत असते.

पाणी: उगमापासून पेल्यापर्यंत

या शोधात सर्वाधिक वेळ पाण्याला द्यावा. विहीर किंवा तलाव, तेथून टाकी, टाकीपासून नळ, नळापासून हंडा आणि हंड्यापासून पेला, हा सगळा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहावा. विहिरीला कठडा आहे का, पंधरा मीटरच्या आत शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का, जलवाहिनी गटारातून किंवा गटाराखालून जाते का, या प्रत्येक जागेची खूण नकाशावर करावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटून पाणी शुद्ध करण्याची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कुठे ठेवली आहे ते पाहावे. उघड्या पोत्यात आणि ओलसर खोलीत पडून राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो, आणि मग शुद्धीकरणाची नोंद रजिस्टरमध्ये असते पण पाण्यात त्याचा परिणाम नसतो. पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी ओ.टी. चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी करावी, कारण तेथे पिवळा रंग आला तरच वाटेतील सर्व घरांना क्लोरीन पोहोचला असे म्हणता येते. त्या शेवटच्या नळाला प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित धोका नळाला थेट जोडलेल्या विजेच्या मोटारींचा आहे. पाणी कमी दाबाने येत असताना मोटार लावली की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि जेथे जेथे वाहिनी फुटकी असेल तेथे बाहेरचे सांडपाणी आत खेचले जाते. मोटार लावणाऱ्याला जास्त पाणी मिळते आणि त्याच्यासकट सगळी गल्ली आजारी पडते. त्यामुळे जुलाबाचे रुग्ण ज्या गल्लीत दाटले असतील तेथे किती घरांत अशी मोटार आहे हे भांडण न करता, पण न चुकता मोजावे.

पाण्यातून येणारा आजार पोटापुरता राहील असेही समजू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतील शक्ती जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू आढळला आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. जुलाब चार दिवसांत थांबले तरी त्यानंतरच्या काही आठवड्यांत पायांत मुंग्या येणे किंवा उठता-बसता अशक्तपणा जाणवणे सुरू झाले, तर तीही वहीत नोंदवण्याची आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेण्याची गोष्ट आहे.

घरात आल्यावरही पाणी दूषित होते. हंड्यात हात घालून पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे भांडे वापरावे. जुलाब झालेल्या व्यक्तीला पहिल्या तासापासून ओआरएस द्यावे; पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच तोंडाने द्यायचे द्रावण वापरले आणि तेथील पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आता याच पाण्याची दुसरी बाजू पाहावी. बांगलादेशात उघड्या तळ्यांच्या पाण्याने होणारे जुलाब टाळण्यासाठी १९७० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ दिसे, त्यात जंतू कमी असत; पण त्यातील अनेक कूपनलिकांत जमिनीच्या थरांतील आर्सेनिक उतरलेले आहे हे १९९३ मध्ये लक्षात आले, आणि तोवर लाखो लोक ते पाणी वर्षानुवर्षे पीत होते. त्वचेवरील डाग, तळहात-तळपायांवर जाड होणारी कातडी आणि पुढे कर्करोग, अशी त्याची परिणती आहे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हीच गोष्ट फ्लोराइडच्या बाबतीत घडली आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि मोठ्या माणसांत पाठ व सांधे ताठरणे ही लक्षणे एकाच कूपनलिकेवरील अनेक घरांत दिसली तर पाण्याची रासायनिक तपासणी मागावी. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून नवी कूपनलिका खोदली की जिवाणू तपासणी आणि रासायनिक तपासणी अशा दोन्ही करून घ्याव्यात आणि दोन्हींचे अहवाल वहीला जोडावेत.

डास, उंदीर आणि गोचीड

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गटारावर फवारणी करून त्याचा बंदोबस्त होत नाही, हे प्रत्येक सभेत सांगावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याची पद्धत आहे. भांडे नुसते उपडे करून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि पाण्यावाचूनही कित्येक महिने टिकतात. कडा घासून धुतल्या पाहिजेत. अळी ओळखण्यासाठी पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात पाहावे. पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी मलेरियाच्या ॲनाफिलिस डासाची असते, तर डोके खाली करून तिरकी लटकणारी एडिस किंवा क्युलेक्सची.

शहरातील वाचकांनी गच्चीवरच्या टाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास मुंबईसारख्या शहरात टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावर साचवलेल्या पाण्यात वाढतो. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूती येथे आढळला आणि त्यानंतर इथिओपियासह इतर देशांत पसरला, त्यामुळे जेथे मलेरिया मुख्यतः खेड्यांचा आजार मानला जात होता तेथील शहरांपुढे नवे संकट उभे राहिले आहे. टाकीला घट्ट झाकण आणि टाकी भरल्यावर जादा पाणी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाला जाळी, एवढा त्यावरचा उपाय आहे.

पुराच्या पाण्यातून चालत जावे लागले असेल आणि पायाला जखम असेल, तर उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस टाळणाऱ्या औषधासाठी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जावे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागात काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांनी मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे, कारण माकडताप गोचिडीमार्फत येतो.

हवा आणि उष्णता

ज्या घरात चूल आहे तेथील स्त्रियांचा खोकला आणि लहान मुलांचा न्यूमोनिया या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. कधीही विडी न ओढलेल्या स्त्रीला पन्नाशीत जिना चढताना धाप लागते, तेव्हा तिच्या फुप्फुसांत अनेक वर्षांचा धूर साठलेला असतो. गॅसची जोडणी आहे की नाही असे न विचारता गेल्या वर्षात किती सिलिंडर भरून घेतले असे विचारावे, म्हणजे चूल खरोखर विझली आहे का हे कळते. सिलिंडर परवडत नसेल तर निदान धुराडे आणि चुलीसमोरची खिडकी यांची सोय करावी. खिडक्या लावून रात्रभर जाळलेली डासांची कॉइलही धूरच करते. डासांसाठी मच्छरदाणी कधीही अधिक चांगली.

उन्हात काम करणाऱ्यांची स्वतंत्र चौकशी करावी. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा येथील तरुण ऊसतोड मजुरांत मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि कडक उष्णतेत शरीर वारंवार कोरडे पडणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडील ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावरील मजूर तेच काम तशाच उन्हात करतात. त्यांच्याजवळ पिण्याचे पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती आहे की नाही, हे मुकादमाला विचारून वहीत लिहावे.

ताट मोजण्याची रीत

कोणी किती खातो असे विचारले तर खरे उत्तर मिळत नाही, त्यामुळे घरातील सामान मोजावे. मिठाची एक किलोची पिशवी उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणजे चार माणसांच्या घरात ती पिशवी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे. ती महिन्यात संपत असेल तर रक्तदाब वाढण्याचे एक कारण हातात आले, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण व बाहेरचे खाणे अजून धरलेलेच नाही. साखरेचा हिशेबही असाच करावा: माणशी रोज २५ ग्रॅम ही इष्ट मर्यादा धरली तर चौघांना महिन्याला गुळासकट तीन किलोपेक्षा जास्त लागू नये.

वजनाच्या काट्यापेक्षा मोजपट्टी आपल्या लोकांना अधिक खरे सांगते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र आपल्या बाळांचे स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला किरकोळ पण आतून चरबी साठवणारी ही शरीररचना पुढे कमी वजनातही मधुमेहाकडे नेते. यामुळेच पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी, वजन कितीही असो. पुणे-मुंबई सोडून लंडनला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हेच माप लागू आहे, आणि तेथील डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. त्याच अभ्यासात ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते त्यांची बाळे अधिक वजनाची होती. म्हणून मधुमेह रोखण्याची सुरुवात गरोदर स्त्रीच्या ताटापासून करावी असे मी आग्रहाने म्हणेन. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवणारी व्यक्ती कोण, हा प्रश्न वहीत असलाच पाहिजे.

तंबाखूबद्दल विचारताना 'विडी-सिगारेट ओढता का' एवढाच प्रश्न पुरत नाही. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहून कमी, पण धूररहित तंबाखू घेणारे सुमारे २४ टक्के आढळले. मिश्री, खर्रा, गुटखा, चुना लावून मळलेली तंबाखू यांची नावे घेऊन विचारावे. मिश्रीला पुष्कळ स्त्रिया दात घासण्याचे साधन समजतात. सोडण्याची इच्छा असणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा.

एका आजारातून दुसरा

आता वहीतील घरे पुन्हा पाहून, ज्या घरात दोन्ही प्रकारचे आजार आहेत ती शोधावीत. मधुमेह असलेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो, आणि कुपोषण असेल तरीही तो वाढतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील इतर माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिल्यावर त्यांच्यात क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. यात नवे औषध कोणतेही नव्हते. म्हणून क्षयरोगाच्या प्रत्येक घरातील सर्वांची तपासणी, मधुमेहाची चाचणी आणि शिधापत्रिकेवरील धान्य प्रत्यक्ष मिळते का याची चौकशी एकाच भेटीत करावी, आणि रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये मिळतात का तेही विचारावे.

काही कर्करोगांचे मूळ संसर्गात असते. यकृताच्या कर्करोगामागे पुष्कळदा हिपॅटायटिस बी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हे विषाणू असतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तीस वर्षांवरील किती स्त्रियांची अशी तपासणी एकदा तरी झाली आहे, याचा आकडा आशाताईंच्या मदतीने काढावा.

वहीतून कामाकडे

दोन-तीन रुग्णांवरून निष्कर्ष काढू नये. पण एकाच आठवड्यात एकाच पाण्यावरील अनेकांना जुलाब झाले किंवा तापाने मृत्यू झाला, तर वर्षअखेरीची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. एरवी वर्षाचा तक्ता तयार झाल्यावर तो ग्रामसभेत किंवा संस्थेच्या वार्षिक सभेत मांडावा. बोलताना कोणत्याही कुटुंबाला दोष देऊ नये आणि 'लोकांनी सवयी बदलाव्यात' असा ठराव करू नये. फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये हृदयविकाराविरुद्ध काम सुरू झाले तेव्हा घरोघर उपदेश करण्यावरच न थांबता दुग्धालये, सॉसेज बनवणारे आणि गृहिणींच्या संघटना यांना बरोबर घेऊन बाजारात मिळणारे अन्नच बदलले गेले, आणि चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्या सभेतही ठराव तसेच ठोस असावेत: शाळेच्या शंभर यार्डांतील तंबाखूची टपरी हलवणे, गटारातून जाणारी जलवाहिनी वर घेणे, अंगणवाडीच्या स्वयंपाकात तेल-मीठ मोजून वापरणे.

प्रत्येक ठरावासमोर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काम कोणाचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते झाल्यावर वहीतील कोणत्या रकान्यात फरक दिसायला हवा. जलवाहिनी दुरुस्त झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्या गल्लीतील जुलाबाचे आकडे आधीच्या वर्षाशी ताडून पाहावेत, आणि ते कमी झाले नसतील तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला जाऊन पुन्हा ओ.टी. चाचणी करावी.